कुणाचं हे $

रेक्समच्या कौन्सिलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरवर कुणाचे तरी मोजे वाळत असताना
मी कचऱ्याचं पान दुरुस्त करतेय.
कोणत्या गल्लीतला निळा डबा कोणत्या मंगळवारी उचलणार,
एवढंच ते पान सांगतं.
कालपासून तेही सांगत नाही.

आत पाहिलं तर पानभर एकच खूण :
$, कंस, $, कंस, पुन्हा $.
लांबलचक नावाच्या लायब्ररीचं
बोटांना सोपं पडावं म्हणून ठेवलेलं टोपणनाव.
शिफ्ट आणि चार.
शेजारच्या तीनवर या देशाचा पौंड बसलाय,
पण स्क्रिप्टमध्ये त्याला कुणाचंही नाव होता येत नाही,
व्याकरणच तसं. डॉलरला चालतं.
एमिर म्हणतो, बघ, इथेही तेच.

एमिर जोन्स. सतरा वर्षांपूर्वी ही पानं त्यानंच लिहिली.
या इमारतीत पाच जोन्स आहेत,
म्हणून हा कचरा जोन्स, तळमजल्यावरची लग्न जोन्स,
आणि पार्किंगच्या दंडाचा एक,
त्याला पाठीमागे निराळंच काही म्हणतात.
मी म्हटलं, आमचं पोतदारही तसलंच,
खरी-खोटी नाणी पारखणारे.
मग पारख ना, म्हणाला, आणि चहा आणायला गेला.

चूक सापडली सँडविच खाताना.
एका पानावर दोन लायब्रऱ्या.
एक एमिरची, जुनी. दुसरी परवा कुणीतरी
उद्यानांचे फोटो सरकवायला आणलेली.
दोघींचंही टोपणनाव $.
उशिरा आली तिनं ते बळकावलं,
आणि जुनीची सगळी वाक्यं
नवीच्या दारात जाऊन उभी : डबा कधी?
ती म्हणते, कसला डबा?

मिरजेच्या मंगल कार्यालयात, मावशीच्या लग्नात,
आईनं जिन्यावरून हाक मारली होती, "अहो!"
आणि सात पुरुषांनी मागे वळून पाहिलं.
आचाऱ्यानंसुद्धा.
बाबांनी तेवढं पाहिलं नाही,
ते बासुंदीच्या पातेल्यापाशी होते.

आईच्या तोंडून त्यांचं नाव मी फक्त उखाण्यात ऐकलं,
तेही चांदीच्या ताटापायी.
एरवी अहो. बँकेत व्ही. डी.,
शाळेत पोतदार सर, फळ्याकडे वळले की चष्मा.
कुठल्याही वाटेनं गेलं तरी
तेच एक गृहस्थ, खिशात खडूचा तुकडा.

यावर उपाय आहे, त्याचं नावच नो-कॉन्फ्लिक्ट.
नवीला सांगायचं : बाई, ही खूण आधी ज्याची होती त्याला दे,
तुला तुझं पूर्ण नाव आहे, त्यानं ये.
आणि ती देते, कुरकुर न करता.
कारण येतानाच तिनं
जुन्या मालकाचा पत्ता बाजूला जपून ठेवलेला असतो.
हे मला माहीत नव्हतं. एमिरनं दाखवलं,
स्क्रीनवर बोट टेकवून, जॅमच्या डागासकट.

एक ओळ. साडेतीनला निळे डबे परत आले.
शुक्रवारी एमिर निवृत्त होतोय.
म्हणाला, आता तू कचरा पोतदार.

पाचला, म्हणजे मिरजेत साडेनऊला, आईला फोन केला.
मार्चपासून बाबांच्या नावाआधी कै. लागलंय.
म्हणाली, काल दूध उतू गेलं आणि तोंडातून गेलंच,
अहो, जरा गॅस...
मग?
मग काय. मीच उठले.

अशा वेळी संगणक एक शब्द लाल अक्षरांत छापतो.
तो मी तिला सांगितला नाही.
म्हटलं, आई, त्यांचं नाव घे ना एकदा.
उखाणा नको. नुसतं.

बराच वेळ स्वयंपाकघरातला नळ ऐकू येत राहिला.
मग तो बंद झाला.
मग, अक्षर लावून वाचावं तसं,
वि-श्वं-भर.

आणि लगेच, कुणी ऐकलं तर नाही ना अशा आवाजात :
जेवलीस का तू?